तिच्या घरी पोळ्या कोण करतं?

आमच्या भिशीत पुस्तकावर बोलायचं ठरलं ते माझ्या हट्टामुळे. बुटीबोरीला आम्ही अकरा जणी महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी जमतो. बहुतेकींचे नवरे एमआयडीसीत कामाला किंवा तिथून निवृत्त झालेले. चिठ्ठी निघते, चिवडा होतो, चहा होतो, आणि नागपूरला जायच्या बसची वेळ झाली की दोघी-तिघी उठतात. मी मराठी शिकवून निवृत्त झाले आहे, आणि निवृत्त मास्तरणीचा त्रास कुणाला ना कुणाला सोसावाच लागतो. मी गौरी देशपांडे यांचं 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' नेलं. १९८५चं पुस्तक, एका बांधणीत दोन लघुकादंबऱ्या. प्रत एकच होती, त्यामुळे ती हातोहात फिरायला पाच महिने गेले. बहुतेकींनी फक्त 'तेरुओ' वाचली. जपानात गेलेली एक विवाहित भारतीय बाई आणि एक जपानी पुरुष, एवढं कळल्यावर दुसरीकडे वळायची गरज कुणाला वाटली नाही.

मतं आली ती अशी. "छान वेळ गेला." "जपान पाहून आल्यासारखं वाटलं." "लग्न झालेल्या बाईनं असं करावं का, हा प्रश्न आहे." "काय प्रश्न आहे त्यात? नाही करावं." "मग वाचलं कशाला पूर्ण?" यावर हशा. एकीनं सांगितलं की पुस्तक तिनं तांदळाच्या डब्यावर ठेवलं होतं, देवघरासमोरच्या टेबलावर नाही. मग आमच्यातली सर्वांत धाकटी, जी कामगारांना डबे पुरवते, ती म्हणाली, "मॅडम, मले एकच विचाराचं होतं. तिच्या घरी पोळ्या कोन करते?"

सगळ्या पुन्हा हसल्या. ती हसली नाही. रोज पहाटे साडेचारला उठून तिच्या हाताखालून दीडशे पोळ्या जातात. तिचा प्रश्न जाणकाराचा होता.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी मराठी कादंबरीच्या सुरुवातीपर्यंत मागे गेले, आणि तिथं मला ते जवळजवळ जसंच्या तसं सापडलं.

नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही कादंबरी १८६८ची. आज ती मराठीच्या विद्यार्थ्यांपलीकडे कुणी वाचत नाही, आणि विद्यार्थीसुद्धा तिची माहितीच वाचतात. राजपुत्र, राजकन्या, संकटं, चमत्कार, शेवटी मीलन. पण तिची प्रस्तावना मात्र पुन्हापुन्हा उद्धृत होते, कारण तिथं लेखक आपली अडचण उघडपणे मांडतो. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: आपल्याकडची लग्नाची रीत आणि एकूण चालीरीती अशा आहेत की लोकांच्या रोजच्या आयुष्यात मन गुंतावं असं फारसं काही घडत नाही. रोज अनुभवाला येतं तेच लिहिलं तर वाचणारा रमणार नाही. म्हणून अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो.

मी ही प्रस्तावना वर्गात अनेक वर्षं शिकवली. शिकवताना माझा सूर नेहमी किंचित थट्टेचा असे. बिचारा रिसबूड, त्याला वास्तववाद जमला नाही, असा. आता वाटतं, त्यानं सांगितलं ते त्या काळाच्या घरांचं अचूक वर्णन होतं. मुलीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी. संमतिवयाचा कायदा झाला १८९१ साली, आणि त्यानं वय वाढवून किती केलं, तर दहावरून बारा. तेवढ्यावरही केवढं रान पेटलं हे आपल्याला ठाऊक आहे. ज्या समाजात दोन अनोळखी तरुण माणसं एकमेकांना बघून, विचार करून, होय-नाही म्हणू शकत नाहीत, तिथं प्रेमकथेला जागाच नव्हती. म्हणून रिसबूडनं ती दुसऱ्या राज्यात नेली. हळब्यांनी सात वर्षं आधी 'मुक्तामाला'त तेच केलं होतं. आपण ज्याला परदेश म्हणतो त्याचा हा पहिला नकाशा. त्या देशाला अक्षांश-रेखांश नव्हते. अडचण तेवढी नव्हती.

मग मतं सुरू झाली. १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांच्यावर निबंध लिहिला आणि असल्या कादंबऱ्यांतल्या असंभाव्य गोष्टींचा समाचार घेतला. त्यांचं बरोबरच होतं. तेव्हापासून पुढची शंभरेक वर्षं मराठी टीकेनं याच दिशेनं मत दिलेलं दिसतं. भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती सांगितल्या: 'यमुनापर्यटन'ची वास्तवाची, 'मुक्तामाला'ची रंजनाची, 'मोचनगड'ची ऐतिहासिक. ही विभागणी इतकी हाताशी येणारी आहे की आम्ही शिक्षकांनी तिचा खोकीवजा उपयोग केला. पहिल्या खोक्यात चांगली पुस्तकं, दुसऱ्यात बायका-मुलींनी वाचायची. नेमाडे इतके सोपे नाहीत. आम्ही सोपे होतो.

या सगळ्यात ज्यांनी ती पुस्तकं वाचली त्यांचं मत कुठं आहे? कुठंच नाही. कुणी लिहून ठेवलं नाही, कारण त्या बायका लिहीत नव्हत्या, आणि ज्या लिहायला शिकल्या त्यांना 'मला मंजुघोषा आवडली' असं लिहायची लाज शिकवली गेली असणार. ही लाज पुढच्या पिढ्यांना रीतसर शिकवायचं काम माझ्यासारख्यांनी केलं, पण त्याच्याकडे येते.

माझ्या 'तेरुओ'च्या प्रतीबद्दल सांगायला हवं. ती मी सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतली. मूळची कुठल्यातरी वाचनालयाची. शिक्का आहे, पण त्यावर कुणीतरी काळी शाई फासली आहे, त्यामुळे गावाचं नाव वाचता येत नाही. आत, समासात, तीन हस्ताक्षरं आहेत. पेन्सिलवाली बारीक, गोल अक्षरात लिहिते. निळ्या शाईवाल्याचं अक्षर उतरतं, घाईचं, मला वाटतं पुरुषाचं. तिसरी व्यक्ती हिरवं बॉलपेन वापरते आणि कादंबरीशी बोलतच नाही, आधीच्या दोघांशी भांडते. निळी शाई एके ठिकाणी लिहिते, 'श्रीमंतांचे चोचले.' त्याखाली हिरवं पेन: 'गरिबांचे वाचा मग. कोणी धरले आहे?' पेन्सिलीनं फार कमी लिहिलं आहे. एका पानावर फक्त 'हो'. दुसऱ्या एका पानावर 'असे म्हणता येते?' आणि त्यापुढचं प्रश्नचिन्ह नंतर खोडरबरानं पुसलं आहे, पण दाबून काढलेलं असल्यामुळे कागदावर वळ राहिला आहे. शेवटच्या कोऱ्या पानावर दुधाचा हिशेब आहे. तोही पेन्सिलीतला.

महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७चा. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि आमच्या बाजूच्या लहान गावांतही एका खोलीची वाचनालयं अनुदानावर उभी राहिली. तिथल्या कपाटांत सर्वांत मळलेली पुस्तकं कुठली असत, हे कुठल्याही ग्रंथपालाला विचारा. पण अहवालात पुस्तकांची संख्या जाते, मळ जात नाही. समासात लिहिणं हा गुन्हा, म्हणून वाचकांचं मत नोंदवण्याची एकमेव जागा ही गुन्ह्याची जागा होती.

इथून थोडं भरभर जाते. ना. सी. फडक्यांनी १९१७ साली 'अल्ला हो अकबर!' लिहिली ती मेरी कोरेलीच्या इंग्रजी कादंबरीवरून. म्हणजे मराठी प्रेमकथेचा विसाव्या शतकातला सर्वांत लोकप्रिय कारागीरसुद्धा आधी परदेशातूनच आला. पुढं त्यानं परदेश देशात आणला. त्याच्या नायक-नायिकांना टेनिस आणि मोकळी संध्याकाळ मिळाली. टेनिस खेळायला माणूस मोकळा असावा लागतो. पोळ्यांचा प्रश्न इथंही गुंडाळलेलाच. त्याच्या उलट हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक'मध्ये १८९०पासून येऊ लागली तेव्हा तिच्यात माजघर, स्वयंपाकघर, सासू, सोवळं सगळं होतं. पण तिथं स्वयंपाकघर येतं ते दुःख घेऊन. आपल्या कादंबरीत चूल आणि सुख एका पानावर फार क्वचित भेटतात.

विश्राम बेडेकरांवर मात्र थांबते, आणि त्याचं एक कारण असं की ते मूळचे अमरावतीचे, आणि माझं माहेरही तिथलं. 'रणांगण' १९३९ची. युरोपातून परत येणारं जहाज, त्यावर एक मराठी तरुण चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा. तिला हलकीफुलकी कुणी म्हणणार नाही. तिच्यावर युद्धाची सावली आहे आणि तिचा शेवट अंगावर येतो. पण तिची रचना बघा. जहाज म्हणजे असं गाव जिथं कुणी गोत्र विचारत नाही, शेजारी बदलत राहतात, आणि घंटा झाली की जेवण टेबलावर येतं. प्रेम तेवढ्या दिवसांपुरतं शक्य होतं. मुंबईचा किनारा दिसू लागला की नायकाचा धीर सुटू लागतो. रिसबूडनं सत्तर वर्षांपूर्वी प्रस्तावनेत मांडलेली अडचण बेडेकरांनी कथानकातच बसवली: प्रेम पाण्यावर होतं, जमिनीवर पाय लागला की नाही.

आणखी एक गंमत. १९३८ साली बेडेकरांचं लग्न ज्यांच्याशी झालं त्या बाळूताई खरे म्हणजे विभावरी शिरूरकर. त्यांच्या 'कळ्यांचे निःश्वास'नं १९३३ साली केवढं वादळ उठवलं होतं. त्यात परदेश नव्हता, अद्भुत नव्हतं, शिकलेल्या, लग्न न झालेल्या मराठी मुली होत्या आणि त्यांच्या मनातलं होतं. टोपणनावाआडची बाई कोण याचाच शोध सुरू झाला. त्याच घरातला पुरुष तोच विषय जहाजावर नेतो तेव्हा त्याला असा शोध सोसावा लागत नाही. याला केवळ दर्जाचा फरक म्हणणाऱ्यांनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत.

मिल्स अँड बून हे नाव भिशीत घेतल्यावर चौघींचे डोळे चमकले. १९०८ साली लंडनमध्ये निघालेली ही कंपनी सुरुवातीला सगळंच छापत असे. १९३०च्या दशकात ती प्रेमकथांवर आली आणि त्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून खपू लागल्या. आपल्याकडेही त्या भाड्याच्या वाचनालयांतून आणि फुटपाथवरूनच फिरल्या. भारतात कंपनीनं स्वतःचं दुकान थाटलं ते थेट २००८ साली. तोवर आमच्या पिढीतल्या इंग्रजी येणाऱ्या मुली त्या गादीखाली ठेवून वाचून मोकळ्या झाल्या होत्या. नव्वदच्या दशकात राधिका परमेश्वरन यांनी हैदराबादच्या कॉलेजातल्या अशा वाचकांशी बोलून अभ्यास केला. त्याआधी १९८४ साली अमेरिकेत जॅनिस रॅडवे यांचं पुस्तक आलं होतं. रॅडवे यांनी एका गावातल्या बेचाळीस वाचक बायकांना विचारलं, का वाचता? त्यांना वाटलं होतं, बायका कथेबद्दल बोलतील. बायका वाचण्याबद्दल बोलल्या. पुस्तक उघडलं की तेवढा वेळ माझा असतो, घरातल्यांना कळतं की आता हिला हाक मारायची नाही. मला हे वाचून दुधाचा हिशेब आठवला. पेन्सिलवालीला दूधवाल्यानं हाक मारली तेव्हा पुस्तक तिच्या हातात होतं, आणि तिनं ते खाली ठेवलं नाही, त्याच्यावरच लिहिलं.

आता गौरी देशपांडे. त्यांच्याबद्दल मराठी वाचकांत दोन तट आहेत आणि ते तट मिटायचं काही चिन्ह नाही. एक म्हणतो, या बाईनं आम्हाला श्वास दिला. दुसरा म्हणतो, हे मराठीतलं मिल्स अँड बूनच. पुरुष देखणे, खिसे भरलेले, विमानाची तिकिटं हाताशी. महर्षी कर्व्यांची नात, इरावती कर्व्यांची मुलगी, तिला काय जातंय असं लिहायला? निळ्या शाईवाल्याचं म्हणणं याच तटातलं. मी त्याला खोटं म्हणणार नाही. त्यांच्या नायिकांचं मोकळेपण पैशावर आणि जातीवर उभं आहे, आणि भिशीतल्या प्रश्नानं तेच उघडं केलं. कुणीतरी पोळ्या करतंच आहे. ती बाई पानावर येत नाही.

पण दुसरीही बाजू आहे. एरवी आपल्या कादंबरीत अशी बाई दिसली की वाचक तिच्या शिक्षेची वाट बघतो: आजार, विहीर, निदान शेवटच्या प्रकरणात पश्चात्ताप. इथं निवाडा करणारं न्यायालय बसत नाही. भिशीत "हे हलकंफुलकं आहे की गंभीर?" यावर वीस मिनिटं वाद झाला, आणि मला कळलं की ज्यांना शिक्षा हवी होती त्यांना पुस्तक हलकं वाटलं. शिक्षा नाही म्हणजे गांभीर्य नाही. मराठ्यांच्या १८७२च्या निबंधापासून आमच्या शनिवारपर्यंत ही फूटपट्टी बहुधा तीच आहे.

आता माझी गोष्ट. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी, बारावीच्या वर्गात, मागच्या बाकावरची एक मुलगी बाकाखाली पुस्तक वाचत होती. मी ते घेतलं. मुखपृष्ठावर बर्फाचे डोंगर आणि लाल कोटातली मुलगी. मी मधलं एक पान उघडलं आणि वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं. जसा सूर रिसबूडसाठी लावायची, तसाच. वर्ग हसला. मुलगी खाली बघत राहिली. पुस्तक मी पर्समध्ये टाकलं, आणि रात्री जेवणं झाल्यावर वाचायला घेतलं, म्हटलं बघू तरी मुली काय वाचतात. दोन वाजता संपवलं. परत द्यायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे द्यायला लाज वाटली. तिला कळलं असतं की मी ते वाचलं.

ती मुलगी म्हणजे आमची डबेवाली. भिशीत आल्यापासून कधी तिनं विषय काढला नव्हता. त्या शनिवारी सगळ्या गेल्यावर कपबश्या विसळताना ती म्हणाली, "मॅडम, ते पुस्तक माझं नव्हतं. वाचनालयाचं होतं. बाबानं पन्नास रुपये भरले अन् मंग कार्डच बंद केलं."

मी काय बोलणार? माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या न बाप्पा. लय वर्सं झाली." मग जरा थांबून, "तुमी वाचलं होतं का?"

"हो."

"शेवट का झाला त्याचा? मी त्या दिवशी तिथंच होती, ती स्वित्झर्लंडमध्ये हॉटेलात नोकरी धरते तिथं."

मी सांगितला. तो तिच्यासाठी सगळं सोडून भारतात येतो, पुण्याला घर घेतो, आणि तिच्या आईच्या हातचं पुरणपोळीचं जेवण जेवतो.

ती बराच वेळ हसली. "खोटं," म्हणाली. "पुन्याले कोन येते स्वित्झर्लंड सोडून!" मग कपबश्या पालथ्या घातल्या आणि 'तेरुओ' पिशवीत टाकलं. सगळ्यांचं वाचून झालं होतं, तिचं नव्हतं. ज्या पुस्तकावर तिनं तो प्रश्न विचारला ते तिनं पहिली वीस पानंच वाचलं होतं, हे मला तेव्हा कळलं. बाकीचं दुसऱ्यांच्या बोलण्यावरून.

तिची मुलगी मोबाइलवर 'प्रतिलिपी'वर गोष्टी वाचते. लंडनमधल्या, दुबईतल्या, लिहिणाऱ्यांपैकी किती जणी तिथं गेल्या असतील देव जाणे. खाली प्रत्येक भागावर शेकडो मतं असतात, 'पुढचा भाग लवकर टाका' पासून 'नायिकेनं त्याला माफ करू नये' पर्यंत. ती मतं कुणी रबरानं पुसत नाही. आई म्हणते, अभ्यास सोडून हेच चालतं. मी या बाबतीत आता काही बोलत नाही.

परवा तिचा निरोप आला, आवाजातच रेकॉर्ड केलेला. मागं कुकरच्या शिट्ट्या. "मॅडम, अर्धं झालं. बाई चांगली आहे, मले आवडली. पोळ्यांचं अजून कुटं आलं नाही. अन् समासात कोनीतरी पेन्सिलनं 'हो' लिवलं आहे न, तिथं मी बी लिवलं. चालते न?"

मी परत निरोप धाडला, पेनानं लिही म्हणून.